दारातली नदी

मक्तबमधील मुलांना नमाजेचे महत्त्व शिकवताना मी बहुधा एका हदीसेपासून सुरुवात करतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आली आहे. एखाद्याच्या दारासमोरून नदी वाहत असेल आणि तो तिच्यात दररोज पाच वेळा स्नान करीत असेल, तर त्याच्या अंगावर मळ उरेल काय, असे प्रेषितांनी (स.) सहाबांना विचारले. काहीच उरणार नाही, असे उत्तर सहाबांनी दिले. पाच वेळच्या नमाजांचे असेच आहे, अल्लाह त्यांच्या योगे पापे पुसून टाकतो, असे मग प्रेषितांनी (स.) समजावून दिले.

मागील वर्षी ही हदीस सांगून झाल्यावर नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. "मौलाना, आपल्या नदीत पाच वेळा आंघोळ केली तर मळ जाईल की लागेल?" मागच्या रांगेतून दुसरा म्हणाला, "आधी मगर खाईल!" सारा वर्ग हसला, मीही हसलो. परंतु असरनंतर पुलावरून घरी जाताना खाली पाहिले आणि ते हसू मावळले. काठच्या झुडपांना प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत होत्या. नाल्याच्या तोंडाशी पाण्यावर काळसर तवंग होता.

त्या मुलाने थट्टा केली नव्हती. उपमा तपासून पाहणे हे चांगल्या विद्यार्थ्याचे लक्षण आहे. या हदीसेतील उपमेचा सारा भार नदीच्या निर्मळपणावर आहे. मुस्लिममधील हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीत नदीला दोन विशेषणे लावलेली आहेत. ती 'जारी' म्हणजे वाहती आहे आणि 'गम्र' म्हणजे भरपूर पाण्याची आहे. मदीनेत विहिरी होत्या, पाऊस पडला की भरून वाहणारे ओढे होते. बारमाही नदी तेथे नव्हती. तरी श्रोत्यांना उपमा तत्काळ उमगली. आमच्या मोहल्ल्यातील मुलांच्या दारात खरीखुरी नदी आहे, आणि त्यांनाच ती उमगेना. धर्मशिक्षकाला याहून मोठी अडचण कोणती असेल? मी पुस्तकातील नदी शिकवीत होतो आणि खिडकीबाहेरची नदी माझा धडा खोडून काढीत होती.

ही नदी वाशिष्ठी. सह्याद्रीच्या कड्यांतून उतरून चिपळूण शहराजवळून वाहत ती पुढे खाडी होते आणि दाभोळपाशी अरबी समुद्राला मिळते. जलशास्त्राच्या दृष्टीने ती जरा निराळीच आहे. कोयना ही वास्तविक पूर्वेकडे वाहणारी, कृष्णेला मिळणारी नदी. परंतु तिच्या धरणातील पाण्याचा एक भाग डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात उतरतो आणि कोळकेवाडीच्या धरणातून पुढे वाशिष्ठीत येतो. म्हणूनच कोकणातील कितीतरी नद्यांचे खडक उन्हाळ्यात उघडे पडतात तेव्हाही वाशिष्ठी वाहत असते. सूरह मुल्कच्या शेवटच्या आयतीत अल्लाहने माणसाला एक प्रश्न विचारला आहे : तुमचे पाणी जमिनीत खोल उतरून गेले, तर वाहते पाणी तुम्हांस कोण आणून देईल? ही सूरह आपल्यापैकी कित्येक जण रोज रात्री पठण करतात. चैत्र-वैशाखातही ज्यांच्या दारी पाणी वाहते, त्यांनी तरी ही आयत थोडी थांबून वाचायला हवी.

आता एका आक्षेपाचा विचार करू. कारण तो आमच्या मशिदीच्या ओट्यावरच उपस्थित झाला होता. फज्रनंतर मी काही मुलांना घेऊन खाडीच्या बांधावर फिरायला जाऊ लागलो, तेव्हा एक वडीलधारे चाचा म्हणाले, "मौलाना, नदी बघत बसण्यात कसला सवाब? तेवढ्या वेळात पाव पारा होईल." त्यांचा हेतू निर्मळ होता. सृष्टिसौंदर्यात रमणे ही गफलत आहे, दीनदार माणसाला ते शोभत नाही, असा समज आपल्या घराघरांत आहे. मदरशात असताना माझाही होता. मराठी बी.ए. करताना निसर्गकविता अभ्यासाव्या लागल्या, तेव्हा मनात कोठेतरी चोरी केल्यासारखे वाटत असे.

कुरआन मात्र असे म्हणत नाही. सूरह नहलच्या सहाव्या आयतीत गुराढोरांचा उल्लेख आहे. त्यांच्यापासून मिळणारी ऊब आणि अन्न यांचे उपकार आधीच्या आयतीत सांगून झाले आहेत. त्यानंतर स्वतंत्रपणे, जणू आणखी एक उपकार म्हणून, अल्लाह सांगतो की संध्याकाळी तुम्ही ती घरी आणता आणि सकाळी चरायला सोडता, तेव्हा त्यांत तुमच्यासाठी 'जमाल' आहे, सौंदर्य आहे. म्हणजे उपयोग ही एक नेमत आणि नुसते पाहून होणारा आनंद ही दुसरी. अल्लाहने दोन्ही मोजून दाखविल्या आहेत. सूरह अनआमच्या ९९ व्या आयतीत खजूर, द्राक्षे, जैतून व डाळिंब यांचा उल्लेख केल्यावर, झाडाला फळ धरते तेव्हा आणि ते पिकते तेव्हा त्याकडे पाहा, अशी आज्ञा आहे. खाण्याची परवानगी याच सूरहमध्ये पुढे, १४१ व्या आयतीत येते. हा क्रम मला विचार करण्याजोगा वाटतो.

याविषयी अबू दाऊदमधील एक रिवायत मला फार प्रिय आहे. हजरत आयशा (रजि.) यांना कोणीतरी विचारले, की प्रेषित (स.) कधी वस्तीबाहेर मोकळ्या रानात जात असत काय? त्यांनी सांगितले, की होय, ते या 'तिलाअ'कडे जात असत. 'तिलाअ' म्हणजे उंचवट्यावरून खाली वाहत येणारे पाण्याचे ओघळ. आपल्या कोकणात ज्याला 'पऱ्या' म्हणतात तो शब्द त्याच्या फार जवळचा. ज्यांच्या खांद्यावर साऱ्या उम्मतचा भार होता, वह्य ज्यांच्यावर उतरत होती, ते वस्तीतून उठून पाण्याच्या ओघळांकडे जात. याच रिवायतीत पुढे असे आहे, की एकदा तिकडे जायचे ठरले असता त्यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे स्वारीला न सरावलेली एक उंटीण पाठविली आणि तिच्याशी सौम्यपणे वागण्यास सांगितले. रानात जाण्याचा आनंद आणि मुक्या जिवाशी सौम्यपणा, दोन्ही एकाच प्रसंगात आले आहे.

हे चाचांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. परंतु पुढच्या आठवड्यात बांधावर आमच्या मागून काठी टेकत आले. ओहोटी होती. समोरच्या चिखलावर दोन मगरी ऊन खात पडल्या होत्या. कांदळवनाच्या मुळ्यांत बगळे उभे होते, आणि एक खंड्या निळ्या ठिणगीसारखा पाण्यावरून गेला. चाचांच्या तोंडून 'सुब्हानल्लाह' निघाले. त्यांचे सारे आयुष्य या खाडीवर मासेमारीत गेले. "ही पाखरे रोज बघितली, पण बघितली नाहीत," असे ते म्हणाले. मुलांनी त्या दिवशी त्यांच्याकडून माशांची इतकी नावे शिकून घेतली, जी मला आजही सांगता येणार नाहीत. सूरह आलि इमरानच्या १९१ व्या आयतीत उभे राहून, बसून आणि कुशीवर पडून अल्लाहचे स्मरण करणाऱ्या व आकाश-पृथ्वीच्या निर्मितीवर चिंतन करणाऱ्या लोकांचे वर्णन आहे. जिक्र आणि फिक्र तेथे एकाच ओळीत जोडलेले आहेत. पाव पारा आपण घरी येऊनही वाचू शकतो.

परंतु ज्याने पाहिले त्याच्यावर हक्क येतो. २२ जुलै २०२१ चा महापूर आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. २००५ च्या पुराची आठवण सांगणारी माणसेही त्या दिवशी गप्प झाली. बाजारपेठ पाण्याखाली गेली, घरे-दुकाने चिखलाने भरली. पाणी ओसरल्यावर जमातीची मुले फावडी-घमेली घेऊन निघाली आणि कोणाचे घर आहे हे न विचारता गाळ उपसू लागली. त्या दिवसांत काठावरील एका करंजाच्या फांदीत मला एक प्लास्टिकची पिशवी अडकलेली दिसली. गाठ घट्ट होती. उघडली तेव्हा आत कुरआनची जीर्ण पाने होती, आणि 'अम्म पारा'च्या फाटक्या प्रती. कोणीतरी ती आदराने 'थंड' करण्यासाठी पुलावरून सोडली असणार. पुराने ती कोठल्या कचऱ्यातून फिरवून आणली होती, हे तिच्यावरच दिसत होते. मी तेथेच बसून राहिलो. ती पिशवी आमच्यापैकीच कोणाची तरी होती. कदाचित माझ्याच सांगण्यावरून सोडलेली, कारण 'मौलाना, जुन्या पानांचे काय करायचे?' असे विचारणाऱ्यांना मीही पूर्वी बिनदिक्कत नदी दाखवीत असे.

म्हणून हा मसला येथे स्पष्ट करतो. हनफी फिकहच्या 'दुर्रुल मुख्तार' या ग्रंथात निरुपयोगी झालेली धार्मिक पुस्तके वाहत्या पाण्यात सोडण्यास हरकत नसल्याचे म्हटले आहे, हे खरे. परंतु तेथेच दफन करणे अधिक चांगले असेही सांगितले आहे. शिवाय तो काळ पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा होता. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेली, चकचकीत आवरणाची छापील पाने पाण्यात विरत नाहीत. ती कोणाच्या तरी पायाखाली येतात. हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रमाण प्रती तयार करून घेतल्यावर इतर लिखाण जाळण्याचा आदेश दिला होता, असे बुखारीत आहे; पठणातील मतभेद टाळणे हा त्यामागचा हेतू होता. आमच्या कब्रस्तानाच्या एका कोपऱ्यात, जेथे कोणाचे पाऊल पडत नाही, आता एक पक्का खड्डा केला आहे. स्वच्छ कापडात गुंडाळून पाने तेथे ठेवली जातात. प्रत्येक जमातीला हे सहज करता येईल.

आता त्याहून अवघड गोष्ट. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, ही हदीस सर्वांना माहीत आहे. पाणवठा, वाटेचा मध्य आणि सावलीची जागा येथे शौच करणे हे शाप ओढवणारे कृत्य असल्याची ताकीदही अबू दाऊद व इब्ने माजा यांत आली आहे. पण वाहत्या पाण्याचे काय? आपण शाफिई, आपल्या इमाम नववींनी (रह.) सहीह मुस्लिमच्या भाष्यात यावर सविस्तर लिहिले आहे. प्रवाह वाहता परंतु थोडा असेल तर काहींनी या कृत्यास मकरूह म्हटले आहे. परंतु नववींचे स्वतःचे मत ते हराम असल्याचे आहे, कारण त्याने पाणी घाण होते आणि दुसरा माणूस अजाणता ते वापरतो. त्यापुढे ते लिहितात, की भांड्यात लघवी करून ती पाण्यात ओतणे, किंवा नदीजवळ अशा ठिकाणी करणे की ती वाहत नदीत जाईल, हेही तितकेच निंद्य व निषिद्ध आहे. सातव्या हिजरी शतकातील या फकीहाने आपल्या आजच्या सांडपाण्याच्या पाइपावर जणू बोटच ठेवले आहे.

हे वाक्य शिकविले आणि दुसऱ्याच दिवशी मशिदीच्या मागे जाऊन पाहिले. आमच्याच शौचालयाचा पाइप पऱ्यात उघडत होता आणि पऱ्या शंभर पावलांवर नदीला मिळत होता. किती वर्षे हे चालले होते कोणास ठाऊक. आम्ही आत वुजू करून सफ बांधीत होतो.

जमातीच्या बैठकीत विषय मांडला तेव्हा पहिला प्रतिसाद अपेक्षितच होता. "सगळे शहर सोडते, आपल्या एका पाइपाने काय होणार?" दुसरे म्हणाले, "आधी त्यांना सांगा, मग आम्हाला." दुसऱ्यांच्या चुका मोजायला बोटे पुरत नाहीत, हे कबूल. परंतु कयामतच्या दिवशी शेजाऱ्याच्या पाइपाचा हिशेब माझ्याकडे मागितला जाणार नाही. मी त्यांना बुखारीतील जहाजाची हदीस सांगितली. काही प्रवासी वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे, तेव्हा आपल्याच भागात भोक पाडून पाणी घ्यावे असे त्यांच्या मनात आले. इतरांनी त्यांना तसे करू दिले तर सारेच बुडणार आणि हात धरला तर सारेच वाचणार. नदीच्या बाबतीत वरचे-खालचे हे नाते आणखी उघड आहे. आपल्या खाली जी गावे आहेत, त्यांच्याकडे आपण काय पाठवतो? मतभेद झाले, आवाजही चढले. शेवटी मुतवल्लींनी एक व्यावहारिक प्रश्न विचारला, "खर्च किती?" आणि तेथून बैठक मार्गी लागली. शौचालयासाठी सेप्टिक टाकी व शोषखड्डा करण्याचे ठरले. वुजूचे पाणी वेगळे काढून नारळीच्या आळ्यांत सोडायचे, हेही ठरले. वापरलेले वुजूचे पाणी शाफिई मतानुसार पाक असतेच, फक्त त्याने पुन्हा तहारत होत नाही. झाडाला त्याचे काहीच वावडे नाही.

कुर्बानीच्या दिवसांतील आतडी, कोंबडीच्या दुकानातील पिसे यांविषयी वेगळे सांगावयास नको. ज्या नववींचा हवाला वर दिला, तोच हुकूम तेथेही लागू पडतो. खड्डा खणून पुरणे हाच मार्ग.

नदीकाठच्या जागेविषयीही आपल्या फिकहमध्ये एक प्रकरण आहे, जे सहसा शिकविले जात नाही. त्याला 'हरीम' म्हणतात : नदीतून उपसलेला गाळ टाकता यावा, लोकांना ये-जा करता यावी यासाठी दोन्ही काठांस लागणारी मोकळी जागा. शाफिई फकीहांनी या जागेत बांधकाम करण्यास मनाई केली आहे, मग ते बांधकाम मशिदीचे का असेना. इमाम जलालुद्दीन सुयूती (रह.), निधन ९११ हिजरी, यांनी कैरो येथे नाईल नदीच्या काठावर पुढे सरकणाऱ्या बांधकामांविरुद्ध स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली होती. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका आलिमला नदीच्या काठाचा प्रश्न हा फत्व्याचा प्रश्न वाटला. महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिव या नद्यांतून गाळ उपसण्याचे मोठे काम झाले. तो उपसलेला गाळ टाकायचा कोठे, हा प्रश्न निघाला तेव्हा मला 'हरीम'चा अर्थ प्रथमच नीट कळला. पुस्तकात तो मी दोनदा वाचला होता.

दर दुसऱ्या रविवारी फज्रनंतर आमची एक तुकडी काठावर जाते. शेजारच्या वाडीतील शेतकरी व तरुण येतात, शाळेतील एक निवृत्त गुरुजी येतात. नेकीच्या कामात परस्परांस साहाय्य करण्याचा आदेश सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत आहे आणि त्यात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. काही पथ्ये मात्र अनुभवातून ठरली आहेत. काम ओहोटीलाच करायचे, पाण्यात कोणी उतरायचे नाही, लहान मुलांनी चिखलाच्या रेषेच्या वरच राहायचे; मगरीचा तो घर-परिसर आहे आणि पाहुणे आपण आहोत. हातमोजे सक्तीचे, कारण फुटक्या बाटल्या फार. कांदळवनाची कोवळी रोपे तुडवायची नाहीत. कचरा गोळा करून काठावरच जाळायचा नाही. पोती भरून गाडीवर चढवायची. आणि पोत्यांसोबत छायाचित्रे काढण्याचा उत्साह आवरायचा. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची सर्वांत खालची शाखा आहे, असे मुस्लिममधील हदीसेत आहे. तिची जाहिरात केली की ती शाखाही हाती राहील की नाही, याची मला शंका वाटते. भगिनींची तुकडी घराजवळचे पऱ्ये सांभाळते, आणि खरे सांगायचे तर त्यांचे काम आमच्याहून नीट होते. घरातला कचरा नदीपर्यंत पोहोचण्याआधीच थांबतो, ही करामत त्यांचीच.

हजरत सअद (रजि.) वुजू करताना जास्त पाणी वापरीत होते, तेव्हा वाहत्या नदीवर बसलो असलो तरी पाण्याची उधळपट्टी ही उधळपट्टीच होय, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याची रिवायत इब्ने माजामध्ये आहे. तिची सनद हदीसतज्ज्ञांनी कमकुवत ठरविली आहे, हे विद्यार्थ्यांना सांगणे माझे कर्तव्य आहे. मात्र प्रेषित (स.) एका 'मुद्द'भर, म्हणजे ओंजळभर पाण्यात वुजू करीत, हे बुखारी व मुस्लिममध्ये सिद्ध आहे; त्यामुळे आशयाला बाधा येत नाही.

शोषखड्ड्याचे खोदकाम सुरू झाले आहे. खाली जांभा लागल्यामुळे ते रेंगाळले आहे. पावसाळ्यापूर्वी पाइप वळवून होईल, असे गवंडी म्हणतात. तोवर पऱ्यात उघडणारे ते तोंड तसेच आहे, आणि जुम्याच्या खुत्ब्यासाठी मिंबरावर चढताना मला ते आठवते.

मागच्या रविवारी तो मुलगाही आला होता. त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी त्याला खरे तेच सांगितले, की आज आंघोळ केलीस तर मळ लागेल. तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग माझ्या हातातल्या पोत्याचे दुसरे टोक धरायला आला.